इनोकुचींच्या घरामागचा किल्ला

दर रविवारी संध्याकाळी मोरिवाकींना बायकोचा फोन येत असे, आणि तो फोन उदोनच्या शेवया शिजायला लागतात त्याच्या आत संपत असे. हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, कारण शेवया पातेल्यात टाकल्या की फोन वाजायचा आणि बोलणं संपवून ते परत आले तरी शेवयांमध्ये थोडी कणी राहिलेलीच असायची.

"जेवलात?"

"आता बसतोय. तू?"

"आमचं झालं. तिकडे पाऊस?"

"पडला थोडा."

"बरं. मग पुढच्या महिन्यात बघते कसं जमतंय ते."

"बरं."

सुमिए दूर उत्तरेतल्या कुशिरोला गेली होती ती लेकीच्या बाळंतपणाला. दोन महिन्यांत येते म्हणाली होती. बाळंतपण झालं, मग नातीला दात आले, मग ती रांगायला लागली, आता भिंत धरून चालत होती. मोरिवाकी हिमेजीच्या फ्लॅटमध्ये एकटेच होते. 'ये' असं त्यांनी कधी म्हटलं नाही. हा काही अहंकार नव्हता. पाणीपुरवठा खात्यात उपविभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेला माणूस. समोरच्याने रीतसर मागणी केल्याशिवाय आपण काही सुचवायचं असतं, हेच त्यांना माहीत नव्हतं.

आणि ऑक्टोबरातल्या एका रविवारी शेवया उतू गेल्या.

"काल स्वप्नात आमचा किल्ला आला," सुमिए एकदम म्हणाली. "माहेरच्या घरामागचा हो, कामिओदाचा. आम्ही पोरं शाळा सुटली की पळत वर जायचो. वरून आमचं छप्पर दिसायचं. मी हाका मारायची आणि आई अंगणात येऊन एप्रन हलवायची. इतकी एवढीशी दिसायची! आणि अहो, वारा असा असायचा की..."

ती बोलत राहिली. मोरिवाकी कान फोनला चिकटवून उभे होते. स्वयंपाकघरात पाणी गॅसवर सांडून चर्र आवाज येत होता, पण ते हलले नाहीत. तिचा असा आवाज त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. फोन ठेवल्यावर त्यांनी शेगडी पुसली, लगदा झालेल्या शेवया खाल्ल्या आणि ठरवलं, की तो किल्ला बघून यायचा. मग पुढच्या रविवारी बोलायला काहीतरी असेल. योजना एवढीच होती. यात अवघड काय होतं?

पहिली अवघड गोष्ट खालच्या मजल्यावर राहत होती. इसोगाईबाईंनी जिन्यात त्यांच्या हातातले नवे बूट पाहिले आणि कचऱ्याची पिशवी खाली ठेवली. त्यांनी पिशवी खाली ठेवली की माणसाने पाऊण तास धरून चालावं.

"डोंगरावर? या वयात? एकटे? अहो मोरिवाकीसान, माझ्या यजमानांचे मावसभाऊ असेच गेले होते फिरायला. आता काठी घेऊन संडासापर्यंत जातात." मग त्या आत गेल्या आणि अस्वलाला पळवायची घंटा, जळवांसाठी मिठाची पुरचुंडी आणि दोन प्रकारची मलमं घेऊन आल्या. "घंटा कमरेला बांधा. सतत वाजली पाहिजे. आणि सुमिएसानना सांगितलंत का?"

"नाही. अचानक सांगायचंय."

"अचानक!" इसोगाईबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात त्यांनी मावसभावांची सगळी हकिगत पुन्हा सांगितली.

दुसरी अवघड गोष्ट चौथ्या मजल्यावरून स्वतःहून खाली आली. कुबोदेरा हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ किल्लेवेडे होते. हिमेजीतच राहत होते, बाल्कनीतून जगातला सगळ्यात देखणा पांढराशुभ्र किल्ला दिसत होता. आणि तो दिसू नये म्हणून त्यांनी तिथे कपडे वाळत घातले होते.

"तो? तो देखावा आहे, मोरिवाकीसान! पर्यटकांसाठी! किल्ला कसा पाहिजे? काहीही शिल्लक नको. नुसती माती. खंदक, तट, माच्या, सगळं गवताखाली. बघणाऱ्याला अक्कल पाहिजे. कामिओदा म्हणजे तर..." त्यांनी डोळे मिटले. "तिथं एक दगडसुद्धा उरलेला नाही. मी येतो."

मोरिवाकींनी 'नको' म्हणण्यासाठी तोंड उघडलं, पण तोवर कुबोदेरांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून त्यावर सोया सॉसची बाटली ठेवली होती.

दोघं दोन डब्यांच्या गाडीने उत्तरेकडे गेले, पुढे बसने गेले. भाताची कापणी झाली होती, शेतात पेंढ्या उलट्या टांगल्या होत्या. डोंगर समोरच होता. त्याच्या पायथ्याला मात्र पांढरी दोरी बांधली होती आणि दर थोड्या अंतरावर पाटी होती: 'आत येऊ नये. येणाऱ्याला पोलिसांत देण्यात येईल.'

"अळंब्या," कुबोदेरा हळहळून म्हणाले. "हंगाम."

लाल पाइनच्या मुळाशी उगवणारी मात्सुताके अळंबी सोन्याच्या मोलाने विकली जाते. तिच्या हंगामात डोंगराचे मालक सख्ख्या भावालाही वर जाऊ देत नाहीत. मोरिवाकी गाव-कचेरीत गेले. कचेऱ्यांची त्यांना भीती नव्हती. जन्म कचेरीतच गेला होता.

संस्कृती विभागाच्या टेबलावरची बाई फारच आनंदली. "किल्ला बघायचाय? या की! आमचा किल्ला वर्षभर सगळ्यांसाठी खुला असतो. हे माहितीपत्रक घ्या."

"पण खाली दोरी आहे."

"ते वन विभागाचं," ती म्हणाली आणि शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. दोन टेबलांच्या मध्ये एक रबराच्या झाडाची कुंडी होती. मोरिवाकी कुंडीला वळसा घालून पलीकडे गेले.

"डोंगर बंद आहे," वन विभागाचा माणूस म्हणाला.

"पण किल्ला उघडा आहे, असं त्या म्हणाल्या."

"किल्ला उघडाच आहे. डोंगर बंद आहे."

"किल्ला डोंगरावर आहे."

"हो ना," तो माणूस मनापासून म्हणाला. "तीच तर अडचण आहे."

मोरिवाकींनी त्याच्याकडे पाहिलं. मनातून त्यांना त्याचं कौतुकच वाटलं. खात्यात असताना नळ आणि रस्ता या विषयावर त्यांनी स्वतः असंच काहीतरी लोकांना ऐकवलं होतं, पण इतक्या सफाईने कधी जमलं नव्हतं. कुंडीला आणखी तीन-चार वळसे झाल्यावर संस्कृतीवाल्या बाईनेच वाट काढली. नोव्हेंबरातल्या सांस्कृतिक दिनाच्या आधी किल्ला संवर्धन मंडळ गवत कापायला वर जातं, तेवढ्यांना परवानगी असते. मंडळाचे सभासद व्हा आणि विळा घेऊन या.

तो आठवडा असाच गेला. रविवारी फोन आला.

"जेवलात?"

"बसतोय आता."

"पाऊस?"

"नाही."

सांगून टाकावं असं मोरिवाकींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगायचं काय? कुंडीला वळसे घातले, हे? "बरं," सुमिए म्हणाली, आणि तरी दोघांनीही फोन लगेच ठेवला नाही. तिकडे नात काहीतरी आपटत होती. "ठेवते हं," ती म्हणाली. शेवया अजून कच्च्याच होत्या.

त्यानंतरच्या शनिवारी माजी उपविभागप्रमुख मोरिवाकी डोक्याला पंचा गुंडाळून, गळ्यात मंडळाचा नारिंगी पट्टा घालून, कमरेला अस्वलाची घंटा बांधून डोंगर चढत होते. मंडळातली बहुतेक माणसं त्यांच्यापेक्षा मोठी होती आणि सगळी त्यांच्यापुढे होती. अध्यक्षा आशिदाआजी तर ऐंशीच्या पुढच्या. पाठीला गवत कापायचं मशीन लटकवून, एकीकडे गप्पा मारत त्या चढत होत्या. मध्येच मागे वळून म्हणाल्या, "ती घंटा काढली तरी चालेल हो. तुम्ही धापा टाकताय त्यानेच अस्वल पळेल."

मोरिवाकींनी घंटा काढली. अपमान गिळायचाच होता, तर निदान आवाज न करता गिळावा.

पहिल्या माचीपाशी कुबोदेरा थबकले. पुढे पायवाट एका अरुंद मातीच्या पुलावरून जात होती आणि दोन्ही बाजूंना पालापाचोळ्याने भरलेले खोलगट चर होते. "खंदक!" ते कुजबुजले. "आहाहा! बघा, शत्रू इथून येणार. त्याला वाटणार, सोपं आहे. तो इकडे एक पाऊल टाकणार आणि..."

कुठे टाकणार हे नीट दिसावं म्हणून मोरिवाकी जरा पुढे झाले.

पालापाचोळा तर सरकलाच. त्याखालची चिकण मातीही सरकली. विळा एकीकडे गेला, पंचा दुसरीकडे. हाताला जे लागेल ते धरत मोरिवाकी पाठीवरून थेट तळाला पोचले. उठून बसल्यावर त्यांनी वर पाहिलं. खंदकाच्या काठावर कुबोदेरांचा चेहरा होता आणि तो आनंदाने फुलला होता.

"चालतो!" कुबोदेरा ओरडले. "मोरिवाकीसान, खंदक अजून चालतो! साडेचारशे वर्षांनी! जरा चढायचा प्रयत्न करून दाखवता का? थांबा, फोटो काढतो!"

मोरिवाकी चढले आणि घसरले. पुन्हा चढले, पुन्हा घसरले. ज्या कुणी सरदाराने हा खंदक खणवून घेतला असेल त्याला निवृत्त उपविभागप्रमुखाविषयी काहीच दयामाया नव्हती. वर काठावर मंडळाची सगळी माणसं गोळा झाली आणि कुणी म्हणालं, दोरी आणा. तेवढ्यात शिट्टी वाजली.

झाडांतून टोपी घातलेला एक उंच, वाळकुडा म्हातारा आला. हा होसोमी तोकुजी, डोंगराचा राखणदार. त्याने खंदकात वाकून पाहिलं आणि एकच विचारलं, "मुठीत काय आहे?"

मोरिवाकींनी मूठ उघडली. पडताना हाताला लागेल ते धरलं होतं. त्यात माती होती, पाइनच्या सुया होत्या आणि मधोमध, देठासकट उपटलेली, एक जाडजूड, सुगंधी, निष्कलंक मात्सुताके अळंबी होती.

काठावरची सगळी डोकी आणखी खाली वाकली.

"अहो, ते चोर नाहीत!" कुबोदेरा कळवळून म्हणाले. "ते पाणीपुरवठ्यात उपविभागप्रमुख होते!"

"चोरी करण्याआधी सगळेच काही ना काही असतात," तोकुजी म्हणाला.

मोरिवाकींच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. गुडघा सोलपटला होता, पाठीत माती गेली होती, आणि खाली खंदकात बसून वरच्या माणसांना उत्तरं द्यायची म्हणजे मान मोडून बोलावं लागत होतं. आयुष्यात कधी त्यांनी कचेरीची पेन्सिल घरी नेली नव्हती.

"पण तुम्ही आलातच कशाला हिमेजीहून?" आशिदाआजींनी विचारलं. "तिथं तर एवढा मोठा किल्ला आहे. इथं तुमचं कोण?"

"इनोकुची," मोरिवाकी खालून म्हणाले. "मी इनोकुचींचा जावई. सुमिएचा नवरा. तिच्या स्वप्नात हा किल्ला आला होता, म्हणून..."

 वर एकदम गलका उठला. "सुमीचा नवरा! अगं बाई, आपल्या सुमीचा! लग्नात पाहिला तेव्हा केस होते की याला!" तोकुजीने टोपी काढली. पुन्हा घातली.

"सुमी बरी आहे?" त्याने विचारलं.

"बरी आहे. कुशिरोला असते."

"सोडून गेली?"

"छे छे! नातीला सांभाळायला गेलीय."

"कधीपासून?"

मोरिवाकींनी मनातल्या मनात मोजलं आणि सांगायला त्यांची जीभ रेटेना. "झालं... वर्ष होऊन गेलं."

"म्हणजे गेलीच की," तोकुजी म्हणाला आणि त्याने दोरी खाली सोडली.

दोरी धरून वर येणाऱ्या माणसाला या वाक्यावर काही बोलता येत नाही. मोरिवाकी वर आले. तोकुजीने अळंबी त्यांच्या हातून घेतली, पानात गुंडाळली, आणि त्यांच्याच पिशवीत टाकली.

बालेकिल्ला म्हणजे गवताने भरलेलं एक सपाट मैदान होतं. कुबोदेरा तिथे पोचल्यावर हात जोडून उभेच राहिले. सगळ्यांनी मिळून गवत कापलं. मोरिवाकींनीही जमेल तसं कापलं आणि त्यातलं थोडं आशिदाआजींनी पुन्हा कापलं. मग भाताचे मुटके आणि मुळ्याचं लोणचं निघालं. पण मोरिवाकींचं लक्ष जेवणात नव्हतं. ते कडेने फिरत होते. चारी बाजूंना सुरूसारखे सरळ, उंच सीडर उभे होते, आणि छप्पर तर सोडाच, खालचं गावही दिसत नव्हतं.

"युद्धानंतर लावली ही झाडं," तोकुजी मागून येऊन म्हणाला. "सुमी लहान होती तेव्हा आमच्या कमरेएवढी होती. इकडे या. अजून. आता वाका थोडे. डोकं डावीकडे. दोन खोडांमधून बघा."

मोरिवाकींनी वाकून पाहिलं. खूप खाली एक चौकोन उन्हात लखलखत होता.

"तिथं घर होतं. आता सौर पट्ट्या बसवल्यात. पुढे जरा मोकळं दिसतंय ना? ते अंगण. इथून ती हाका मारायची. काय घसा होता! तिची आई यायची बाहेर, एप्रन हलवायची. सुमीला वाटायचं, आई नुसती हात करतेय. आई म्हणत असायची, कार्टे, घरी ये."

"तुम्हीही यायचा वर?"

"आम्ही सगळेच यायचो," तोकुजी म्हणाला. मग खोडाला हात लावत म्हणाला, "मी जरा जास्त."

दोघंही म्हातारे तसेच वाकून, दोन खोडांमधून त्या रिकाम्या अंगणाकडे बघत राहिले. खाली कुणी आलं नाही. वारा मात्र होता. सुमिए म्हणाली होती तसाच, शर्टात शिरून पाठीवरचा घाम गार करणारा.

मोरिवाकींनी फोन काढला. रविवार नव्हता. शिवाय स्वतःहून त्यांनी बायकोला कधी फोन केला नव्हता, त्यामुळे तिने उचलला तो ओरडतच. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. मी किल्ल्यावर आहे."

"कुठल्या किल्ल्यावर? रस्ता ओलांडून हिमेजीचा किल्ला बघायला तुम्हाला वीस वर्षं जमलं नाही..."

"तुझ्या. कामिओदाच्या. गवत कापतोय."

 तेवढ्यात आशिदाआजींनी 'सुमी, तूच का गं?' म्हणत फोन हातातून काढून घेतला, आणि तो मोरिवाकींच्या हाती परत यायला बराच वेळ लागला. तो सगळ्या बालेकिल्ल्यावर फिरला. कुणाला गुडघ्याचं विचारायचं होतं, कुणाला मेलेल्या मास्तरांचं सांगायचं होतं, कुबोदेरांना ओळख नसतानाही खंदकाविषयी बोलायचं होतं. तोकुजीकडे फोन गेला तेव्हा तो फक्त "हं. हं. मी आहे. हं," एवढंच म्हणाला आणि त्याने तो दोन्ही हातांनी पुढे दिला. फोनमधून सुमिएचं हसणं ऐकू येत होतं. एवढं हसणं तिच्याजवळ शिल्लक होतं, आणि ते रविवारी कुठे जायचं कोण जाणे.

"अहो," शेवटी ती मोरिवाकींना म्हणाली. आवाज ओला होता. "छप्पर दिसतं का?"

खोटं बोलावं असं त्यांना वाटलं. पण तोकुजी समोर उभा होता.

"छप्पर नाही. जागा दिसते. अंगण थोडं दिसतं."

"बरं," ती म्हणाली.

आता ठेवायची वेळ होती. मोरिवाकींना सवयीने ते कळलं. पण खोडांमधून ते अंगण अजून दिसत होतं, आणि ते बघता बघता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "घरी कधी येतेस?"

बालेकिल्ल्यावर मुळ्याचं लोणचं चावायचं सगळ्यांनी थांबवलं.

"मागे कोण कोण ऐकतंय?" सुमिएने विचारलं.

मोरिवाकींनी वळून पाहिलं. "सगळे."

"मग उद्या बोलू," ती म्हणाली.

रविवारी त्यांनी शेवया टाकल्याच नाहीत. गुडघ्याला इसोगाईबाईंची दोन्ही मलमं लावून ते फोनसमोर बसून राहिले. अळंबी भातात शिजवली होती, तिचा वास घरभर होता, आणि एकट्याने खायला तो भात फार झाला होता.

"सव्वा वर्षात पहिल्यांदा विचारलंत," सुमिए म्हणाली. जेवलात का, पाऊस पडला का, यातलं तिने काही विचारलं नाही.

"तूच म्हणायचीस, पुढच्या महिन्यात बघते."

"आणि तुम्ही म्हणायचात, बरं. मला वाटलं, तुम्हाला बरंच चाललंय."

मोरिवाकींनी यावर पुष्कळ विचार केला. "नाही," ते म्हणाले.

"एप्रिलपर्यंत मला हलता येणार नाही हो. पाळणाघरात जागा एप्रिलमध्ये मिळणार. पोरीची नोकरी आहे, तिला असं टाकून..."

"हो हो. ते बरोबर आहे."

"काय बरोबर आहे? तुम्हाला डोंगर चढता येतो आणि विमानाच्या पायऱ्या चढता येत नाहीत?"

"मला कुणी बोलावलं नाही."

"तुम्ही तरी मला कालपर्यंत कुठे बोलावलं होतंत?" ती म्हणाली. मग आवाज जरा खाली आला. "या ना. आमच्या बयेला अजून आजोबा म्हणजे नुसता फोनमधला आवाज वाटतो. पण थंडी फार आहे. खोली लहान आहे. आणि इकडे बघायला किल्लाबिल्ला काही नाही, आधीच सांगते."

"नसू दे," मोरिवाकी म्हणाले. "तू आहेस ना."

बोलून झाल्यावर त्यांचे त्यांनाच कान तापले. असलं वाक्य त्यांनी लग्नाआधी म्हटलं नव्हतं, लग्नातही म्हटलं नव्हतं, आणि खात्यात तर त्याची पद्धतच नव्हती. 

"हॅलो?" सुमिए म्हणाली. "नीट ऐकू नाही आलं. काय म्हणालात?"

आवाज स्वच्छ येत होता. तिच्या मागे नात पाण्यात चमचा बुडवत होती, तेसुद्धा ऐकू येत होतं. तिला सगळं ऐकू आलंय, हे मोरिवाकींना पक्कं कळलं. ते खुर्चीत जरा सरळ बसले, घसा खाकरला, आणि परत म्हणाले.